क्राउदर यांचा प्रश्न : ‘बॉनी अँड क्लाइड’ आणि त्याचे समीक्षक

मित्रहो, खऱ्या गुन्हेगाराच्या आयुष्यावर चित्रपट निघाला की त्याचे परीक्षण करणाऱ्यापुढे एक अवघड जबाबदारी उभी राहते. चित्रपट चांगला आहे की वाईट, एवढे सांगून तिथे भागत नाही, कारण पडद्यावर जे लोक मरताना दिसतात त्यांतले काही खरोखर मेलेले असतात आणि त्यांच्या घरचे लोक अजून हयात असू शकतात. ही जबाबदारी समीक्षकांनी कशी पेलली आणि कुठे टाकून दिली, हे पाहायचे असेल तर आर्थर पेन यांनी दिग्दर्शित केलेल्या, एका खऱ्या दरोडेखोर जोडीवरच्या ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटाच्या स्वागताइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. हा चित्रपट १३ ऑगस्ट १९६७ रोजी न्यू यॉर्कमध्ये लागला. दुसऱ्याच दिवशी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये बॉस्ली क्राउदर यांचे परीक्षण छापून आले. एका हिडीस आणि मंदबुद्धी जोडप्याने केलेल्या भीषण कृत्यांना या चित्रपटाने सवंग धांगडधिंग्याचे रूप दिले आहे, अशा आशयाचा कडक निकाल त्यात होता. चार महिने उलटायच्या आत हाच चित्रपट अमेरिकेतल्या नव्या चित्रपटकलेचा मानदंड ठरला आणि क्राउदर यांची खुर्ची गेली. या घटनेकडे साधारणपणे जुन्या पिढीचा पराभव म्हणून पाहिले जाते. मला ते वर्णन अपुरे वाटते, आणि का वाटते ते आज मांडायचे आहे.

आधी खरी माणसे. क्लाइड बॅरो १९०९ साली आणि बॉनी पार्कर १९१० साली, दोघेही टेक्सासमध्ये जन्मले. क्लाइडची जडणघडण मंदीच्या आधीच्या दारिद्र्यात आणि नंतर ईस्टहॅम या तुरुंगाच्या शेतमजुरीत झाली. त्या मजुरीतून सुटका व्हावी म्हणून त्याने पायाची दोन बोटे तोडवून घेतली होती. बॉनीचे सोळाव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले होते. नवरा सोडून गेला तरी मरताना तिच्या बोटात त्याचीच अंगठी होती. चित्रपटात बँका लुटणारी ही टोळी प्रत्यक्षात बहुतेक वेळा किराणा दुकाने आणि पेट्रोल पंप लुटत असे. म्हणजे ज्यांच्याकडून पैसा काढला जात होता, ती माणसे बरीचशी टोळीतल्यांच्याच परिस्थितीतली होती. एफबीआयच्या नोंदीनुसार तेरा खून या टोळीच्या नावावर धरले जातात आणि मृतांमध्ये बहुसंख्य पोलिस आहेत. २३ मे १९३४ रोजी लुइझियानातल्या गिब्सलँडजवळच्या रस्त्यावर सहा जणांच्या पथकाने दबा धरून त्यांच्या फोर्ड गाडीवर शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या आणि दोघांचा शेवट झाला.

या माणसांभोवतीचे आकर्षण हॉलिवूडने शून्यातून निर्माण केलेले नाही, ही गोष्ट क्राउदर यांनी ध्यानात घेतली नाही. एप्रिल १९३३ मध्ये मिसूरीतल्या जॉप्लिन गावी पोलिसांनी छापा घातला, तेव्हा पळून जाताना टोळीचा कॅमेरा मागे राहिला. त्यातली फिल्म धुवून निघाली आणि तोंडात सिगार, हातात पिस्तूल, एक पाय गाडीच्या बंपरवर अशा ऐटीत उभी असलेली बॉनी देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. ती कविताही करीत असे, आणि आपल्या दोघांचा शेवट कसा होणार हे तिने स्वतःच्या कवितेत आधीच लिहून ठेवले होते. दोघे मारले गेले त्या दिवशी जमलेल्या बघ्यांनी त्यांचे केस, रक्ताने भिजलेल्या कपड्यांचे तुकडे आणि रिकामी काडतुसे आठवण म्हणून नेण्यासाठी झुंबड केली. तेव्हा १९६७ साली प्रेक्षकांना या जोडीची जी मोहिनी पडली, तिची पहिली आवृत्ती तेहेतीस वर्षे आधी त्या रस्त्यावरच निघालेली होती. पेन यांच्या चित्रपटात हे आकर्षण आहे. बॉनीने आपल्यावर लिहिलेली कविता वर्तमानपत्रात छापून आलेली पाहून क्लाइडला जो आनंद होतो, तो एखाद्या गावातल्या पोराचे नाव पहिल्यांदा छापून आल्यावर त्याला व्हावा तसा भाबडा आहे. छापील प्रसिद्धी माणसाला कशी बदलते याचा हा चित्रपट आहे, आणि त्याला केवळ उदात्तीकरण म्हणणारा वाचक त्याचा अर्धा भाग न वाचताच उठतो.

चित्रपटाचा जन्मही सरळ झालेला नाही. डेव्हिड न्यूमन आणि रॉबर्ट बेंटन हे पटकथाकार ‘एस्क्वायर’ या मासिकात काम करीत होते आणि फ्रेंच न्यू वेव्हच्या चित्रपटांनी भारावलेले होते. दिग्दर्शनासाठी आधी त्रूफो आणि मग गोदार या त्या लाटेतल्या फ्रेंच दिग्दर्शकांकडे विचारणा झाली होती. पुढे वॉरन बीटी यांनी पटकथा घेतली, स्वतः निर्माते झाले आणि क्लाइडची भूमिकाही केली. तयार चित्रपट वॉर्नर ब्रदर्स या कंपनीचे जॅक वॉर्नर यांना मुळीच आवडला नाही आणि कंपनीने तो फारसा गाजावाजा न करता चित्रगृहांत सोडून दिला. अशा चित्रपटाला पहिल्या आठवड्यात परीक्षणाचा आधार लागतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात देशातल्या सर्वांत वजनदार समीक्षकाने त्याच्यावर प्रहार केला.

क्राउदर हे कोण होते, हे नीट सांगायला हवे, कारण पुढच्या पिढ्यांनी त्यांना केवळ एक कालबाह्य म्हातारा करून टाकले आहे. १९४० पासून ते ‘टाइम्स’चे चित्रपट-समीक्षक होते. इटलीतल्या नववास्तववादी चित्रपटांना अमेरिकेत प्रेक्षक मिळावा म्हणून त्यांनी सातत्याने लिहिले. सेन्सॉरशिपला त्यांचा विरोध होता आणि मॅकार्थीच्या काळात, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांचा छळ होत असताना, जेव्हा पुष्कळांनी तोंड मिटून घेतले होते, तेव्हाही त्यांची लेखणी त्या दडपशाहीच्या बाजूने गेली नाही. असा माणूस एखाद्या चित्रपटाला नैतिकदृष्ट्या घातक म्हणतो तेव्हा त्याला सनातनी ठरवून मोकळे होता येत नाही. त्या उन्हाळ्यात पडद्यावरच्या वाढत्या हिंसेने ते खरोखर अस्वस्थ झाले होते. ‘द डर्टी डझन’ या युद्धपटावरही त्यांनी टीका केली होती. बाहेर व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते, जुलै महिन्यात नेवार्क आणि डेट्रॉइट ही शहरे दंगलींत जळाली होती, आणि अशा वेळी खून करणाऱ्यांच्या जोडीला पाहून चित्रगृहात हशा पिकतो, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. त्यांचा मुद्दा मला समजतो. त्यांनी तो तीन-तीनदा लिहून मांडला, हेही मला समजते. पण ज्या हशाचा त्यांना राग आला, त्याचे चित्रपट पुढे काय करतो, हे त्यांना दिसले नाही.

ते कसे, हे एका प्रसंगातून पाहू. टोळीतला पोरसवदा सी. डब्ल्यू. मॉस गाडी घेऊन बँकेबाहेर थांबलेला असतो. समोर रिकामी जागा दिसताच तो सरळमार्गी नागरिकासारखी गाडी दोन गाड्यांच्या मधोमध व्यवस्थित लावून टाकतो. बॉनी आणि क्लाइड पैसे घेऊन बाहेर येतात, तर गाडी अडकलेली. पुढे-मागे, पुढे-मागे करीत ती बाहेर काढण्याची धडपड सुरू होते आणि प्रेक्षक हसत असतो. तेवढ्यात बँकेचा वयस्क मॅनेजर धावत येऊन गाडीच्या पायरीवर चढतो आणि क्लाइड काचेतून थेट त्याच्या चेहऱ्यावर गोळी झाडतो. गोळी झाडणारा आणि ती लागणारा एकाच चौकटीत दाखवायचे नाहीत असा हॉलिवूडचा जुना संकेत होता. पेन यांनी तो मोडला. काच, रक्त आणि तो चेहरा एकदम आपल्यासमोर येतात. हसू ओठावरच असते आणि ते मागे घ्यायला वेळ मिळत नाही. पुढचे दृश्य त्याहून बोचरे आहे. तिघे एका चित्रगृहाच्या अंधारात लपून बसले आहेत, पडद्यावर १९३३ चा एक संगीतपट चालू आहे, त्यात नटलेल्या मुली पैशाचे गाणे गात नाचत आहेत. क्लाइड रागाने मॉसला फैलावर घेतो आहे, आणि बॉनी मात्र डोळे पडद्यावर खिळवून त्या गाण्यात हरवलेली आहे. खून झाल्यानंतरच्या काही क्षणांत ती प्रेक्षक झाली आहे, आणि आपणही तेच आहोत. क्राउदर यांनी ज्या खिदळण्यावर बोट ठेवले, तेच खिदळणे इथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. हा प्रसंग नीट वाचला असता तर निकाल तोच ठेवणे अवघड गेले असते.

इतरांना ते हळूहळू दिसू लागले. ‘न्यूजवीक’चे जो मॉर्गनस्टर्न यांनी आधी चित्रपटाला बेअक्कल प्रेक्षकांसाठी केलेला गलिच्छ गोळीबारपट ठरवले होते. मग त्यांनी तो पत्नीबरोबर, भरलेल्या चित्रगृहात, पुन्हा पाहिला आणि पुढच्याच अंकात आपले पहिले परीक्षण चुकीचे होते असे छापील लिहिले. असे जाहीरपणे मत फिरवणे समीक्षेच्या व्यवसायात फार दुर्मीळ आहे आणि ते वाचताना मला त्या माणसाबद्दल आजही आदर वाटतो. ‘न्यू यॉर्कर’मध्ये पेनेलोप गिलिएट यांनी चित्रपटाचे स्वागत आधीच केले होते. शिकागोत रॉजर ईबर्ट नावाचा तरुण त्याच वर्षी एप्रिलपासून ‘सन-टाइम्स’साठी परीक्षणे लिहू लागला होता, त्याने सप्टेंबरात हा चित्रपट अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासातला मैलाचा दगड आहे असे निःसंदिग्धपणे लिहिले. ‘टाइम्स’कडे क्राउदर यांच्या विरोधात वाचकांची पत्रे येत राहिली. त्या वाचकांपैकी अनेकजण तरुण होते, आणि आपल्या पिढीचे काहीतरी या चित्रपटात आहे आणि ते या गृहस्थांना कळत नाही, असा त्यांच्या तक्रारीचा सूर होता.

त्यानंतर २१ ऑक्टोबर १९६७ च्या ‘न्यू यॉर्कर’मध्ये समीक्षक पॉलिन केल यांचा हजारो शब्दांचा दीर्घ लेख आला. आधी ‘न्यू रिपब्लिक’ने तो नाकारला होता. ज्या चित्रपटाचे परीक्षण आपल्याच अंकात येऊन गेले आहे त्यावर दोन महिन्यांनी एवढा मोठा लेख छापणे, हा संपादकाचा निर्णयही धाडसाचाच म्हणायचा. या देशात चांगला चित्रपट काढला की लोक अंगावर का धावून येतात, अशा प्रश्नानेच केल यांनी सुरुवात केली. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा होता की या चित्रपटाला हिंसेची गरज आहे, कारण हिंसा हाच त्याचा अर्थ आहे. जुन्या चित्रपटांत माणसे रक्ताचा थेंबही न सांडता कोसळत, त्यामुळे मरणातली वेदनाच नाहीशी झाली होती. इथे लुटारूंवर आपला जीव जडवून पेन यांनी मरणाला त्याचा डंख परत दिला. चित्रपटाची टीका करता करता ज्यांना कायद्याचे काम स्वतःच्या हातात हवे असते त्या समीक्षकांचाही त्यांनी समाचार घेतला. हा लेख मी अनेकदा वाचला आहे आणि चित्रपटाचा प्रेक्षकाशी काय व्यवहार चालतो याचे इतके जिवंत वर्णन त्या काळात दुसरे क्वचितच कुणी केले असेल. १९६८ च्या सुरुवातीला केल ‘न्यू यॉर्कर’च्या नियमित समीक्षक झाल्या.

पण ऐतिहासिक सत्याच्या मुद्द्यावर केल यांनी दिलेले उत्तर मला पुरे पडत नाही. प्रतिष्ठित ऐतिहासिक चित्रपटही इतिहासाशी मनमानी करतात, तेव्हा कोणी एवढा आरडाओरडा करीत नाही, मग याच चित्रपटाला वेगळा न्याय का, असा त्यांचा प्रतिवाद होता. शतकांपूर्वीच्या राजांच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकतो. तेहेतीस वर्षांपूर्वीच्या मृतांच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण त्यांच्या विधवा, मुले आणि भावंडे त्या वेळी तिकीट काढून तो चित्रपट पाहू शकत होती.

१ एप्रिल १९३४ हा ईस्टरचा रविवार होता. डॅलसजवळच्या ग्रेपवाइन गावाबाहेर महामार्ग पोलिसांचे दोन शिपाई मोटरसायकलींवरून जात असताना त्यांना रस्त्याकडेला उभी असलेली गाडी दिसली. कुणाची गाडी बिघडली असेल अशा समजुतीने ते मदतीसाठी वळले आणि दोघेही गोळ्यांना बळी पडले. पहिली गोळी कुणी झाडली आणि बॉनीने त्यात भाग घेतला की नाही, याबद्दल आजही मतभेद आहेत. दोघांपैकी एक, एच. डी. मर्फी, अगदी नवखा होता आणि त्याचे लग्न काही दिवसांवर आले होते. त्याची वाग्दत्त वधू लग्नाचा पोशाख घालून त्याच्या अंत्यविधीला आली. या घटनेनंतर टोळीबद्दलचे जनमत पालटले. चित्रपटात ही घटना नाही. हिल्सबरो गावातला जो दुकानदार १९३२ साली दरोड्यात खरोखर मारला गेला, त्याच्या जागी चित्रपटात एक दांडगा खाटीक सुरा घेऊन क्लाइडवर धावून येतो आणि आपल्याला कुणाला इजा करायची नव्हती, मग हा आपल्यावर का उठला, असा निरागस प्रश्न क्लाइड विचारतो. दृश्य म्हणून ते सुंदर आहे. पण सहानुभूती कुणाकडे वळवायची हे ठरवूनच ती निवड केलेली आहे, आणि समर्थकांपैकी फार थोड्यांनी ते उघडपणे मान्य केले.

सर्वांत मोठा अन्याय फ्रँक हेमर यांच्यावर झाला. टेक्सास रेंजर्स या राज्याच्या पोलिस दलातून निवृत्त झालेल्या हेमर यांना फेब्रुवारी १९३४ मध्ये टोळीचा माग काढण्याच्या कामावर नेमले गेले आणि त्यांनी काही महिने माग काढून टोळीला गाठले. शेवटच्या सकाळपर्यंत त्यांची आणि बॉनी-क्लाइडची समोरासमोर गाठ पडली नव्हती. चित्रपटात मात्र टोळी त्यांना पकडते, त्यांच्या हातात बेड्या घालते, त्यांच्याबरोबर फोटो काढून घेते, बॉनी त्यांचे चुंबन घेते आणि ते तिच्या तोंडावर थुंकतात. पुढचा सारा पाठलाग हा या अपमानाचा सूड आहे असे प्रेक्षकाच्या मनावर ठसते. म्हणजे कायद्याच्या बाजूने उभा असलेला एकमेव ठळक माणूस खुनशी करून टाकला. चित्रपटाच्या रचनेला ते सोयीचे होते, यात शंका नाही. मात्र सोयीसाठी एका खऱ्या माणसाचे नाव वापरण्याचे काही कारण नव्हते. मॉस हे पात्र जसे टोळीतल्या दोन खऱ्या माणसांना एकत्र करून नव्या नावाने रचले, तसे इथेही करता आले असते. हेमर १९५५ सालीच वारले होते. त्यांच्या पत्नीने आणि मुलाने निर्मात्यांवर दावा लावला.

दरम्यान वादाचा निकाल लागून गेला होता. सुरुवातीला चित्रपटाची निंदा करणाऱ्या ‘टाइम’ साप्ताहिकाने ८ डिसेंबर १९६७ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी केलेले बॉनी-क्लाइडचे चित्र छापले आणि आत नव्या अमेरिकन चित्रपटाचा उदय जाहीर केला. क्राउदर यांच्या जागी रेनाटा अॅडलर येणार हे त्याच सुमारास ठरले. १९६८ च्या सुरुवातीला चित्रपट पुन्हा लावण्यात आला आणि या वेळी गल्ला भरला. ऑस्करची दहा नामांकने आली, त्यांतली दोन पारितोषिके मिळाली, एक एस्टेल पार्सन्स यांना सहायक अभिनेत्री म्हणून आणि दुसरे छायालेखक बर्नेट गफी यांना. बॉनीच्या बेरे टोप्यांची फॅशन आली. पार्सन्स यांनी जिची भूमिका केली ती क्लाइडची वहिनी ब्लँच बॅरो तेव्हा हयात होती आणि पडद्यावर आपल्याला किंचाळणारी बाई करून टाकले आहे याचे तिला दुःख होते. पारितोषिकाच्या कौतुकात ते कुणाच्या कानावर गेले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जवळचा आहे, म्हणून थोडे मुंबईविषयी. मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला आणि त्याच्यावरचा चित्रपट २०१३ साली आला. १६ नोव्हेंबर १९९१ च्या लोखंडवाला चकमकीवरचा चित्रपट २००७ चा. २०१७ साली ‘डॅडी’ प्रदर्शित झाला तेव्हा अरुण गवळी हे नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या खुनाबद्दल २०१२ साली झालेली जन्मठेप भोगत होते. टेक्सासला तेहेतीस वर्षांचे अंतर मिळाले, आपल्याला तेवढेही मिळत नाही. मारणाऱ्याचे आणि मरणाऱ्याचे कुटुंब एकाच शहरात, कधी कधी एकाच वॉर्डात राहते. अशा चित्रपटांच्या परीक्षणांत नटाची रंगभूषा, चाळींचे नेपथ्य आणि संवादांची टाळीबाज फेक यांवर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च होतात. कोणत्या घटना गाळल्या, कोणाच्या खऱ्या नावावर खोटे कृत्य चिकटवले, आणि ज्याचा खून झाला त्याला पडद्यावर किती सेकंद मिळाले, हे तपासणारे परीक्षण मराठीत मला फार क्वचित वाचायला मिळते. त्यासाठी चित्रपट वाईट ठरवावा लागत नाही. केल यांच्याइतक्या बारकाईने दृश्य वाचणारा समीक्षकच हे काम करू शकतो, कारण गाळलेले ओळखायला आधी मांडलेले नीट पाहावे लागते.

हेमर यांच्या कुटुंबाचा दावा १९७१ साली न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटला. पुढे १९९२ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाली, आणि ती योग्यच होती. हेमर यांच्या बाजूने कथा सांगणारा ‘द हायवेमेन’ हा चित्रपट २०१९ साली आला, म्हणजे पेन यांच्या चित्रपटानंतर बावन्न वर्षांनी. त्यात ग्रेपवाइनचा रस्ता आहे, गोळ्या खाऊन पडलेले दोन शिपाई आहेत, आणि बॉनी-क्लाइडचे चेहरे जवळजवळ शेवटपर्यंत दाखवलेलेच नाहीत. कलाकृती म्हणून तो पेन यांच्या चित्रपटाच्या जवळपासही जात नाही, हे मी मान्य करतो. पण दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत, आणि पाहताना क्राउदर व केल यांचे लेख दोन्ही हाताशी असावेत, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.